कुर्तुब्याच्या अंगणातील रेहान

अंदलुसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे नाव निघाले की आपल्या समाजात दोन चित्रे हमखास डोळ्यांपुढे येतात. एक तारिक बिन झियादचे. इ. स. ७११ मध्ये तो किनाऱ्यावर उतरला आणि त्याने परतीची जहाजे जाळून टाकली, असे सांगतात. जहाजांची ही कथा बऱ्याच नंतरच्या ग्रंथांत येते, पण मुलांना ती तोंडपाठ असते. दुसरे चित्र १४९२ मधले. ग्रॅनाडाचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह किल्ल्या शत्रूच्या हाती देऊन निघून जातो आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांची तर एक पिढीच्या पिढी नसीम हिजाजींच्या कादंबऱ्यांवर पोसली गेली. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला जाऊन आले, तिथल्या मशिदीवर त्यांनी दीर्घ कविता लिहिली आणि ती शिकवताना शिक्षकांचा गळा दाटून येतो. थोडक्यात, अंदलुस म्हणजे आरंभी तलवार आणि शेवटी अश्रू.

पण या दोन चित्रांच्या मध्ये सुमारे पावणेआठशे वर्षे आहेत. त्या काळात लाखो माणसे रोज सकाळी उठत होती, विहिरीचे पाणी शेंदत होती, स्वयंपाक करीत होती, मुले वाढवीत होती. त्यांच्या घराचे अंगण कसे होते? तिथे काय लावलेले असे? आणि राज्य गेले, मशिदीचे चर्च झाले, माणसेही हाकलली गेली, तेव्हा त्या अंगणाचे काय झाले? इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आम्हाला मात्र तो तख्ताच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

मे महिन्यातील उघडी दारे

कुर्तुबा, ज्याला आज कॉर्दोबा म्हणतात, ते दक्षिण स्पेनमधले अतिशय उष्ण शहर आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद, भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र. रस्त्यावरून पाहिले तर नुसती भिंत आणि एक दार दिसते. दारातून आत गेले की देवडी, आणि देवडीच्या पलीकडे आकाशाला उघडे असलेले चौकोनी अंगण. या अंगणाला तिथे पातिओ म्हणतात. मध्ये विहीर किंवा छोटासा हौद, खाली गोट्यांची फरसबंदी, आणि चारही भिंतींवर वरपर्यंत टांगलेल्या मातीच्या कुंड्या. कुंड्यांत जिरेनियम, कार्नेशन, जाई, पुदिना, रेहान.

जमीन थोडी म्हणून बाग भिंतीवर चढली. कुंड्या इतक्या उंच असतात की पाणी घालण्यासाठी लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात आणि तो उंचावून एकेका कुंडीत हलकेच रिता करतात. हिवाळा सरता सरता माती बदलायची, जुनी मुळे छाटायची, नवी रोपे लावायची. मग वसंतात फुले उमलतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरमालक आपली दारे उघडी ठेवतात आणि कुणीही परका माणूस आत येऊन अंगण पाहू शकतो. नगरपालिकेने उत्तम अंगणासाठी पहिली स्पर्धा घेतली ती १९२१ साली. दुसरी १९३३ मध्ये झाली. यादवी युद्धात खंड पडला, पण प्रथा तगली. २०१२ मध्ये युनेस्कोने या उत्सवाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

ही अंगणे श्रीमंतांचीच होती असे नाही. एकेका अंगणाभोवती अनेक गरीब कुटुंबे खोल्या घेऊन राहत. विहीर एक, कपडे धुण्याची जागा एक, चूल पेटवण्याची जागाही सामाईक. आपल्याकडच्या चाळीचे किंवा वाड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. या कुंड्यांची निगा पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने बायकांनी राखली.

अंगण कोणाचे?

आता इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, “हे सगळे आपलेच!” आणि स्पेनमधला कोणी अभिमानी माणूस म्हणेल, “छे, हे तर रोमन!” दोघांनीही थोडे थांबावे. मध्यभागी उघडी जागा ठेवून भोवती खोल्या बांधण्याची पद्धत मुसलमान येण्यापूर्वी रोमन लोकांनी तिथे रुजवली होती. अरब आणि बर्बर आले तेही उष्ण प्रदेशातून. त्यांना अशी घरे परकी नव्हती. त्यांनी त्यात भर घातली ती आडोशाची, पाण्याची आणि झाडांची. कुर्तुब्याच्या पश्चिमेकडील उपनगरांत गेल्या काही दशकांत उत्खनन झाले, त्यात उमय्या काळातली साध्या लोकांची घरे सापडली. त्यांतही मध्ये अंगण आणि अंगणात विहीर आहे.

झाडांच्या हौसेचा आरंभ पहिल्या अब्दुर्रहमानपासून सांगतात. अब्बासींच्या कत्तलीतून निसटलेला हा उमय्या राजपुत्र ७५६ मध्ये कुर्तुब्याचा अमीर झाला. आजोबा हिशाम यांच्या सीरियातील रुसाफाची आठवण म्हणून त्याने शहराबाहेर रुसाफा नावाचीच बाग उभारली आणि सीरियाहून रोपे, बिया मागवल्या. तिथे आलेली डाळिंबाची एक जात पुढे ‘सफरी’ नावाने प्रसिद्ध झाली. त्या बागेतल्या एकाकी खजुरीला उद्देशून त्याने लिहिलेल्या अरबी ओळी इक्बालनी उर्दूत मोकळेपणाने उतरवल्या आहेत. त्या वाचताना आपण निर्वासित राजपुत्राच्या दुःखाने हळवे होतो, पण त्याने केलेली गोष्ट अगदी व्यवहाराची होती. परक्या भूमीत आलेल्या माणसाने रडत न बसता आधी झाड लावले.

वही, कुदळ आणि अनुभव

अंदलुसमध्ये बागकामाचे शास्त्र झाले. ९६१ च्या सुमारास कुर्तुब्यात एक पंचांग तयार झाले. कोणत्या महिन्यात कोणते नक्षत्र उगवते, केव्हा काय पेरावे, केव्हा कलम करावे, एप्रिलात गुलाबपाणी व गुलाबाचे तेल केव्हा काढावे, अशा नोंदी त्यात आहेत. त्याच्याशी दोन नावे जोडली जातात: एक अरीब बिन सअद हा मुस्लिम लेखक, दुसरे रबी बिन झैद ऊर्फ रेसेमुंदो हे ख्रिस्ती बिशप. ग्रंथ खलिफा दुसरा हकम याला अर्पण केलेला. आणि गंमत अशी की त्याची अरबी संहिता जी टिकली ती हिब्रू लिपीत लिहिलेल्या हस्तलिखितामुळे, म्हणजे ज्यू समाजामुळे. लॅटिनमध्येही त्याचे भाषांतर झाले. पेरणीचे वेळापत्रक तिघांनाही लागते. ऊन आणि पाऊस धर्म विचारून येत नाहीत.

पुढे अकराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे तोलेदो येथे इब्न बस्साल हा मोठा बागतज्ज्ञ झाला. तो तिथला राजा मामूनच्या बागेत काम करी. हजला जाताना त्याने सिसिली आणि मिसर पाहिले. मातीचे दहा प्रकार सांगून कोणत्या मातीला कोणते खत आणि किती पाणी मानवते हे त्याने लिहिले. १०८५ मध्ये तोलेदो ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, तेव्हा तो इश्बीलियाला, म्हणजे सेव्हिलला गेला आणि तिथे नवी बाग उभी केली. राज्य बुडाले म्हणून त्याने विद्या बुडू दिली नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस याच इश्बीलियात इब्नुल अव्वामने ‘किताबुल फिलाहा’ हा थोर ग्रंथ लिहिला. त्यात ५८५ वनस्पतींची माहिती आहे, पन्नासहून अधिक फळझाडांची लागवड आहे, पाणी, खत, कलम, रोग यांची चर्चा आहे. जुन्या ग्रीक, रोमन, नबाती लेखकांची मते तो आदराने देतो; पण स्वतः अनेकवार करून पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट आपण आपले मत म्हणून मांडलेली नाही, हेही तो स्पष्ट सांगतो. शहराजवळच्या शरफ नावाच्या टेकाडावर तो हे प्रयोग करीत असे. वाचकहो, या एका भूमिकेत आम्हाला त्या काळाचे खरे वैभव दिसते. बुजुर्गांचा आदर करायचा, पण माती स्वतः हातात घेऊन पाहायची.

या ग्रंथकारांचा सल्ला आजही कुंडीत झाड लावणाऱ्याला कामी येतो. नाजूक बी एकदम जमिनीत टाकू नये. मातीच्या भांड्यात पेरावे, रोप अंग धरू लागले की मगच हलवावे. ताजे शेण मुळांना जाळते; खत जुने, मुरलेले असावे. कबुतराची विष्ठा जोरदार खत आहे, पण ती उष्ण असते, तेव्हा हात राखून घालावी. पाणी वेळेवर द्यावे, पण मूळ कुजेल इतके देऊ नये. आपल्या गल्लीत पत्र्याच्या डब्यात पुदिना लावणाऱ्या कोणत्याही खालाजानला हे पुस्तक न वाचता ठाऊक असते. तेच ज्ञान, कारणासहित, आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी ग्रंथात नीट नोंदवून ठेवले.

स्पेनच्या लोकांनीही हा ग्रंथ मोलाचा मानला. १८०२ मध्ये माद्रिदहून तो स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला, कारण आपल्या शेतीला त्याचा उपयोग होईल असे त्यांना वाटले. पुढे फ्रेंचमध्ये आला. १९२७ मध्ये आझमगढहून त्याचा उर्दू तर्जुमाही प्रसिद्ध झाला. म्हणजे ग्रंथ आमच्या भाषेत येऊन शंभर वर्षे होत आली. तरीही शाळेत अंदलुस शिकवताना सेनापतींची नावे फळ्यावर येतात, इब्नुल अव्वामचे येत नाही.

दाराचा कायदा

आता दुःखाचा भाग. १२३६ मध्ये कुर्तुबा कॅस्टिलच्या राजाने जिंकले. बहुतेक मुसलमान शहर सोडून गेले आणि त्यांची घरे नव्या वसाहतवाल्यांना वाटून दिली गेली. १४९२ मध्ये ग्रॅनाडा गेले. शरणागतीच्या करारात धर्म आणि रिवाज सांभाळण्याची हमी होती. दहा वर्षांच्या आत ती मोडली आणि सक्तीचे धर्मांतर सुरू झाले. धर्म बदललेल्या या लोकांना मोरिस्को म्हटले गेले.

१५६७ च्या पहिल्या दिवशी ग्रॅनाडात एक फर्मान जाहीर झाले. अरबी बोलू नये, लिहू नये; जुना पोशाख घालू नये; बायकांनी चेहरा झाकू नये; हमाम बंद करावेत. आणि त्यातच एक कलम असे होते की मोरिस्कोंनी शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी घराची दारे उघडी ठेवावीत. आत अंगणात कोणी वुजू तर करीत नाही ना, नमाज तर पढत नाही ना, हे रस्त्यावरून दिसावे म्हणून. ज्या अंगणाची सारी रचनाच घरातल्यांना निवांतपणा मिळावा म्हणून होती, त्याच्यावर पहारा बसला.

फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्को गृहस्थाने या फर्मानाविरुद्ध लेखी निवेदन दिले. त्याचे म्हणणे असे की पोशाख, गाणे, हमाम, भाषा हे प्रांताचे रिवाज आहेत, धर्म नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतात, म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरतात काय? कोणी ऐकले नाही. १५६८ मध्ये बंड झाले, ते चिरडले गेले. ग्रॅनाडाचे मोरिस्को घरदार सोडून कॅस्टिलभर विखुरले गेले. त्यांपैकी बरेच कुर्तुब्यातही आणले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसांना देशाबाहेर काढण्यात आले. ही माणसे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिसियाच्या किनाऱ्यांवर उतरली. तेतुआनसारख्या शहरांत त्यांच्या आधी गेलेल्या अंदलुसी निर्वासितांनी पांढऱ्या भिंतींची, आत अंगण असलेली घरे पुन्हा बांधली होतीच.

जे हाकलता आले नाही

माणसे गेली, पण अंगणातले शब्द राहिले. आम्ही स्पॅनिश जाणत नाही. पण ही यादी उर्दू येणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. स्पॅनिशमध्ये संत्र्याच्या फुलाला आसाआर म्हणतात, ते अरबी ‘अझ्झह्र’, म्हणजे फूल. लिलीला आसुसेना, म्हणजे ‘अस्सुसना’, आपला सोसन. जाईला हास्मिन, आपली यास्मिन. पाण्याच्या पाटाला आसेकिया, म्हणजे ‘अस्साकिया’. याच्याच कुळातला आपला साकी. रहाटाला नोरिया, म्हणजे ‘नाऊरा’. गच्चीला आसोतेआ, त्यात ‘सतह’ लपलेला आहे. देवडीला सागुआन, तोही अंदलुसी अरबीतून आलेला. आणि कुंडीतल्या सुगंधी सब्ज्याला आल्बाआका, म्हणजे ‘अल्हबक’.

रेहान या शब्दाची कथा तर खास आहे. कुराणशरीफच्या सूरे रहमानमध्ये हा शब्द येतो, तो सुगंधी वनस्पतीसाठी. उर्दूत रेहान म्हणजे सब्जा. अंदलुसमध्ये मात्र तोच शब्द मेंदीसारख्या दाट कुंपणाच्या एका सुवासिक झुडपाला लागला आणि स्पॅनिशमध्ये ‘आर्रायान’ होऊन बसला. अलहम्रा महालातल्या हौदाच्या चौकाचे नावच या झुडपांवरून पडले आहे. फर्मानाने अरबी बोलण्यावर बंदी घातली, पण ज्या हाताने फर्मानावर सही केली त्या हाताचा मालकही फुलाला आसाआर आणि पाटाला आसेकियाच म्हणत राहिला. दुसरा शब्द त्याच्यापाशी नव्हता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आज कुर्तुब्याच्या भिंतींवर जे जिरेनियम सर्वांत जास्त डोलते ते मुसलमानांच्या काळात तिथे नव्हतेच. ते दक्षिण आफ्रिकेचे. युरोपात सतराव्या शतकात आले. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, आणि तिला युरोपात पोहोचायला त्याहून उशीर झाला. तेव्हा तिथले अंगण रोमन घराचे, पाणी खेळवण्याचे कसब आणि निम्मी भाषा अरबांची, फुले तीन खंडांची, आणि निगा शेकडो वर्षे आंदालुसियाच्या गरीब ख्रिस्ती बायकांची. यातला कोणताही धागा उपसून काढा, अंगण मोडेल. ‘हे आमचेच’ म्हणणारा आणि ‘यात तुमचे काहीच नाही’ म्हणणारा, दोघेही त्या भिंतीपुढे खोटे ठरतात.

आणि दाराचे पाहा. १५६७ मध्ये कायद्याने, संशयापोटी जी दारे उघडायला लावली तसलीच दारे आज मे महिन्यात घरमालक आपल्या खुशीने उघडतात. घरात डोकावणे आणि घरात पाहुणा म्हणून येणे यातला फरक एवढाच, की दार कोणाच्या इच्छेने उघडले.

आपल्या अंगणाचे काय?

हे सगळे दूरच्या स्पेनचे पुराण महाराष्ट्रातल्या मुसलमानाने का वाचावे? आमच्या मते याचे कारण आपल्या इतिहास सांगण्याच्या सवयीत आहे. गेलेल्या तख्ताचा मर्सिया गाण्यात आपण तरबेज झालो आहोत. मूल तो ऐकते, क्षणभर फुलते, मग खिन्न होते, आणि उठून करण्यासारखे त्याच्या हाती काहीच लागत नाही. कारण तख्त काही त्याला परत आणता येत नाही, आणि आणायचेही नाही. इब्न बस्साल आणि इब्नुल अव्वाम मात्र त्याच्या हातात काम देतात. माती ओळख, बी पेर, पाहा, नोंद ठेव, चुकले तर पुन्हा कर. या वारशाला राज्य लागत नाही. एक फुटकी घागर आणि ओंजळभर माती पुरते.

आणि हा वारसा आपल्याकडे नाही असेही नाही. सब्जा आपल्या घरोघर असतो. रमजानात त्याचे बी सरबतात फुगते. दर्ग्यावर गुलाबाबरोबर त्याची पाने चढतात. कबरीच्या उशाशी त्याचे रोप लावले जाते. कुर्तुब्याच्या खिडकीत जो आल्बाआका दरवळतो तो हाच. आपण त्याला फक्त कबरस्तानात आठवावे, की शाळेच्या व्हरांड्यातही लावावे, एवढाच प्रश्न आहे. कोणी झाड लावले आणि त्यातून माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. त्या हदीसचा अंदलुसी लोकांनी लावलेला अर्थ म्हणजे त्यांची फिलाहतची पुस्तके.

आमच्या शाळांना मैदान नसेल, गच्चीवर टाक्यांची गर्दी असेल, वस्ती दाट असेल. कुर्तुब्याच्या गरीब वस्तीतही जमीन नव्हतीच. म्हणून तर त्यांनी भिंत वापरली. जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊसही येतो; आपला पेरणीचा वसंत तोच. इयत्ता सातवीच्या मुलांनी पाच कुंड्यांत सब्जा, पुदिना, कोथिंबीर, मोगरा आणि गुलाब लावावा, वहीत तारखा लिहाव्यात, कोणत्या खताने काय झाले ते नोंदवावे, आणि त्याच तासाला त्यांना ५८५ वनस्पतींची वही लिहिणाऱ्या इश्बीलियाच्या माणसाची गोष्ट सांगावी. तारिक बिन झियादही सांगावा, जरूर सांगावा. पण त्याच्यानंतर तास संपवू नये. घंटा होण्याआधी मुलांना गच्चीवर न्यावे आणि कुंड्यांना पाणी घालू द्यावे.